नेरुळमधला ४५ लिटरचा टँक: पीएच सहावर घसरतो, वर आणला तरी रात्रीत परत खाली

पाणवेल (नेरुळ)

नमस्कार मंडळी. आधी सगळी माहिती देतो, म्हणजे उलटे प्रश्न विचारत बसावं लागणार नाही.

टँक २४ × १२ × १२ इंच, चालू होऊन आठ महिने झाले. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ४५ लिटर. हँग-ऑन फिल्टर, त्यात स्पंज आणि सिरॅमिक रिंग. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळतो, नळाखाली धरत नाही. खाली काळी खडी आहे, व्हिनेगर टाकून पाहिलं, फसफसत नाही. एक फूटभर लांबीचं ड्रिफ्टवुड (पाण्यात ठेवायचं शोभेचं लाकूड), जावा फर्नचे तीन गड्डे, देशी बदामाची दोन पानं. मासे: गप्पी ९, निऑन टेट्रा ६, कोरी (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश) ४. खाद्य दिवसातून दोनदा. पाणी दर पंधरा दिवसांनी २० टक्के बदलतो. हीटर नाही, तापमान २८ अंश.

थेंबवाल्या किटवर टँकचे आकडे असे (केएच म्हणजे पीएच धरून ठेवणारी क्षारता, जीएच म्हणजे पाण्याचा एकूण कठीणपणा, पीपीएम म्हणजे लिटरला मिलिग्रॅम):
पीएच ६.० (किटचा सर्वात खालचा रंग, म्हणजे त्याहूनही कमी असू शकेल)
केएच: ५ मिलीला एक थेंब म्हणजे १ डिग्री; ५ ऐवजी १० मिली पाणी घेतलं, पहिल्याच थेंबाला पिवळं, म्हणजे अर्ध्या डिग्रीच्या आत
जीएच ४
अमोनिया १ पीपीएम
नायट्राइट ०
नायट्रेट ६० च्या आसपास

नळाचं पाणी बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून २४ तास ठेवल्यावर: पीएच ७.३, केएच २, जीएच ३, नायट्रेट ०.

दुकानातलं पीएच वाढवणारं द्रावण टाकलं की संध्याकाळी ७.४ दिसतो, सकाळी परत ६.०. हे आठवड्यात तीनदा झालं. गप्पींनी पंख मिटून घेतलेत, कोरी वरचेवर हवा घ्यायला पृष्ठभागावर येतात. निऑन ठीक दिसतात.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आठ महिने चाललेल्या टँकमध्ये अमोनिया कुठून आला? आणि पीएच स्थिर करायचा तर नेमकं काय, किती आणि कुठल्या क्रमाने टाकायचं?

---

गाळणी (ऐरोली)

आकडे एवढे व्यवस्थित दिलेत की उत्तर त्यातच आहे. पहिलं काम: ते द्रावण आजपासून बंद. माशांना सहाचा पीएच जेवढा त्रास देत नाही, तेवढा रोजचा सहा-सव्वासात-सहा हा झोका देतो. बाटलीतल्या द्रावणाने आकडा वर ढकलला जातो, पण त्याला तिथे धरून ठेवणारं पाण्यात काहीच उरलेलं नाही.

धरून ठेवतं ते केएच, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटची शिल्लक. तुमच्या टँकचा जमाखर्च मांडून पाहू.

फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते बायकार्बोनेट खातं. अमोनियातल्या दर १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ७.१४ मिलिग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) खर्च होते. किटच्या भाषेत सांगायचं तर नायट्रेट ११ पीपीएमने वाढलं की साधारण १ डिग्री केएच गेला.

तुमचं नायट्रेट ६० वर थांबलंय आणि दर पंधरवड्याला तुम्ही २० टक्के पाणी काढता. म्हणजे प्रत्येक वेळी १२ पीपीएम बाहेर जातं आणि तेवढंच पंधरा दिवसांत पुन्हा तयार होतं. १२ पीपीएम नायट्रेट म्हणजे १.१ डिग्री केएचचा खर्च. जमा किती? नळाच्या पाण्याचा केएच २, त्याचे २० टक्के, म्हणजे ०.४. दर पंधरवड्याला जमा ०.४ आणि खर्च १.१. सुरुवातीची शिल्लक संपेपर्यंत टँक नीट चालला, ती संपल्यावर पीएच कोसळला. बदामाची पानं आणि ड्रिफ्टवुड आम्ल सोडतात हे खरं, पण ती यात दुय्यम आहेत. केएच चार-पाच असता तर त्यांनी पीएच जेमतेम हलला असता.

अमोनियाचं उत्तरही इथेच आहे. त्या जिवाणूंना कामासाठी बायकार्बोनेटच लागतं. पीएच ६.५ च्या खाली ते मंदावतात, सहाच्या आसपास जवळजवळ थांबतात. फिल्टर मेलेला नाही, उपाशी आहे. मासे मात्र अमोनिया सोडतच राहतात.

खाद्याचा हिशोब बहुतेक जण करत नाहीत, म्हणून तोही देतो. ४० टक्के प्रथिनांच्या १ ग्रॅम खाद्यात सुमारे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला निम्म्याहून जास्त अमोनिया होऊन पाण्यात येतो. तो ४० मिलिग्रॅम धरला तर ४५ लिटरमध्ये जवळपास ४ पीपीएम नायट्रेट आणि एक तृतीयांश डिग्री केएचचा खर्च. तुमचे १२ पीपीएम म्हणजे पंधरवड्याला ३ ग्रॅम खाद्य, दिवसाला ०.२ ग्रॅम. न खाल्लेलं खाद्य खडीत कुजतं ते वेगळं, त्यातला बहुतेक नायट्रोजन पाण्यातच येतो. एकोणीस लहान माशांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच पुरतं.

उपाय: खायचा सोडा. रोज अर्धा डिग्री केएच वाढेल एवढा टाका, आठवड्यात तीनवर याल. ४५ लिटरला अर्ध्या डिग्रीसाठी ०.६८ ग्रॅम. शिवाय आज २५ टक्के पाणी बदला.

---

तलावपाळी (ठाणे)

गाळणींचा जमाखर्च अचूक आहे. शेवटच्या दोन वाक्यांशी मात्र मी सहमत नाही. या टँकमध्ये अमोनिया १ पीपीएम आहे, त्यामुळे क्रम बदलायलाच हवा.

किटवर दिसतो तो एकूण अमोनिया. त्याची दोन रूपं असतात, एक अमोनियम, फारसं अपाय न करणारं, आणि दुसरं मुक्त अमोनिया, कल्ले जाळणारं. कुठलं किती हे पीएच ठरवतो. २८ अंशाला पीएच ६ असेल तर मुक्त अमोनिया एकूणाच्या ०.०७ टक्के. सातला ०.७ टक्के. साडेसातला २.२ टक्के. आठला साडेसहा टक्के. म्हणजे आज तुमच्या १ पीपीएममधला मुक्त अमोनिया ०.०००७, नगण्य. तेच पाणी साडेसातवर नेलं की ०.०२२. लहान माशांना ०.०२ च्या वर जाऊ द्यायचं नाही असं मी धरतो. गप्पींचे मिटलेले पंख आणि कोरींचं वर येणं याला संध्याकाळचे ते ७.४ कारण असण्याची शक्यता मला जास्त वाटते. निऑनला आम्लधर्मी पाणी मुळातच चालतं, म्हणून ते ठीक दिसतात. जुन्या टँकमध्ये एकदम अर्धं पाणी बदलल्यावर दुसऱ्या दिवशी मासे मरतात त्यामागेही बहुतेकदा हेच असतं. नवं पाणी स्वच्छच असतं, पण त्याने पीएच वर गेला आणि साठलेलं अमोनियम विषारी झालं.

दुसरी गोष्ट. अर्धा डिग्री सोडा ऐकायला कमी वाटतो, पण पीएच आणि केएच यांचं नातं सरळ रेषेचं नाही. हवेशी समतोल असलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड ३ पीपीएम धरा. मग केएच ०.२५ ला पीएच ६.४, ०.५ ला ६.७, १ ला ७.०, २ ला ७.३, ४ ला ७.६. केएच दुप्पट झाला की पीएच फक्त ०.३ ने चढतो. म्हणजे सगळी उडी पहिल्या डिग्रीत आहे. दोनवरून चारवर जाताना मासे दचकणारही नाहीत, शून्यावरून एकवर जाताना दचकतील. (नळाच्या पाण्याचा तुमचा आकडा पाहा, केएच २ आणि पीएच ७.३, कोष्टकाशी जुळतो. म्हणजे किट बरोबर चालतंय.)

म्हणून क्रम असा ठेवा.

आज आणि उद्या खाद्य बंद. दोन दिवस उपास माशांना बाधत नाही. एअर स्टोन सतत चालू. बदामाची पानं काढून टाका, ड्रिफ्टवुड राहू द्या.

दिवस १, २ आणि ३: रोज फक्त साडेचार लिटर, म्हणजे १० टक्के, नळाचं क्लोरीन काढलेलं पाणी. सोडा अजिबात नाही. तुमच्या नळाचाच केएच २ आहे, त्यामुळे प्रत्येक बदलाबरोबर ०.२ डिग्री आपोआप येते. तिसऱ्या दिवशी केएच ०.६ आणि पीएच ६.८ च्या जवळ असेल. खडीतला गाळ सायफनने याच वेळी काढा, पण रोज एक तृतीयांश भागातलाच.

दिवस ४ आणि ६: ९ लिटर, म्हणजे २० टक्के. एव्हाना जिवाणू जागे होतील आणि अमोनिया उतरायला लागेल. या काळात नायट्राइट डोकं वर काढू शकतं, कारण दुसऱ्या टप्प्याचे, म्हणजे नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू जरा उशिरा सावरतात. नायट्राइट ०.२५ जरी दिसलं तरी खडेमीठ ४.५ ग्रॅम, ग्लासभर पाण्यात विरघळवून, एकदाच. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांमधून नायट्राइटला आत शिरू देत नाही. लिटरला ०.१ ग्रॅम मीठ कोरी आणि निऑनही सहज सोसतात.

दिवस ७ पासून सोडा, आणि तोही अमोनिया ०.२५ च्या खाली आला असेल तरच. तेव्हा केएच एकच्या आसपास असेल, म्हणून आता रोज अर्धा डिग्री चालेल. एरवी पाणीबदल आणि सोडा एकाच दिवशी टँकमध्ये नको.

सोडा मोजायची माझी पद्धत सांगतो, कारण पाऊण ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही आणि चमच्यावर भरवसा ठेवू नये. ३० ग्रॅम खायचा सोडा घ्या आणि पाणी घालून बरोबर १ लिटर करा. या द्रावणाचा १ मिली, १ लिटर पाण्याचा केएच १ डिग्रीने वाढवतो. हिशोब तोंडी होतो. ४५ लिटरला अर्धा डिग्री म्हणजे २२ मिली, मेडिकलमधली बिनसुईची सिरिंज पुरे. पाणी साधं घ्या, गरम नको, कारण गरम पाण्यात बायकार्बोनेटचं कार्बोनेट होऊ लागतं आणि तेच द्रावण पीएचला जास्त झटका देतं. बेकिंग पावडर चालत नाही, त्यात आम्लाची पूड आणि स्टार्च असतो. धुण्याचा सोडा तर नकोच.

पीएच सकाळी दिवा लावायच्या आधी मोजा आणि रोज त्याच वेळी मोजा. नेमका आकडा गाठायच्या मागे लागू नका. केएच ३ च्या आसपास राहिला की पीएच स्वतःच सव्वासात ते साडेसातमध्ये बसेल.

---

गाळणी (ऐरोली)

मान्य. १ पीपीएम अमोनिया असताना २५ टक्के सांगायला नको होतं. पाणवेल, वरचाच क्रम पाळा.

---

पाणवेल (नेरुळ)

दोघांचे आभार. द्रावण बंद केलं, पहिला १० टक्के बदल झाला. पुढच्यासाठी तीन शंका.

१. महिन्यातून दोन-तीनदा सोसायटीत टँकर येतो आणि तेच पाणी टाकीत मिसळतं. ते वापरावं का? घरच्या आरओचं पाणी त्याहून बरं का?
२. रोजरोज सोड्याऐवजी फिल्टरमध्ये कोरलचे तुकडे ठेवले तर?
३. गप्पी आणि निऑन एकाच पाण्यात ठेवायचे तर कुठले आकडे धरू?

---

खाडीकाठ (वाशी)

पहिल्या शंकेवर जरा सविस्तर, कारण आपल्या भागातल्या बहुतेक टँकचं मूळ दुखणं पाण्याच्या उगमात आहे.

नेरुळ-वाशीला महापालिकेचं पाणी मोरबे धरणातून, भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं. सह्याद्रीच्या पायथ्याचं, काळ्या कातळावरून वाहिलेलं पावसाचं पाणी. वाटेत चुनखडी नाही, त्यामुळे ते मुळातच मऊ. पिण्याला आणि कपडे धुण्याला उत्तम, पण टँकला बफर म्हणून, म्हणजे पीएच धरून ठेवायला, कमी पडतं. पलीकडे ठाण्यात स्वतःच्या योजनेखेरीज स्टेम (शहाड-टेमघर पाणी प्राधिकरण), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा वेगवेगळ्या वाटांनी पाणी येतं. म्हणून कोपरीच्या मित्राचे आकडे घोडबंदरच्या टँकला लावू नयेत. आपला नळ आपणच मोजायचा.

टँकरचं पाणी बहुधा बोअरचं असतं आणि त्याचा केएच नळाच्या कितीतरी पट निघू शकतो. म्हणून ते वाईट असं नाही, पण मोजल्याशिवाय ते टँकमध्ये जाता कामा नये. धोका असा, की तुम्ही नेहमीसारखी बादली भरता आणि त्या दिवशी टाकीत निम्मा टँकर असतो. पाणी बदलण्याआधी बादलीतल्या पाण्याचा केएच बघणं, दोन मिनिटांचं काम, दर वेळी करा. टँकरचं पाणी वेगळं मिळत असेल तर ते बफर म्हणून वापरताही येतं. समजा नळाचा केएच २, टँकरचा १० आणि तुम्हाला ४ हवाय. चार वजा दोन, भागिले दहा वजा दोन, म्हणजे पाव भाग टँकर आणि पाऊण भाग नळ. मात्र बोअरच्या पाण्यात नायट्रेट आणि लोह असू शकतं, म्हणून नायट्रेटची चाचणी आधी. बादलीत रात्रभर ठेवल्यावर तळाला तांबूस गाळ बसला तर ते पाणी सोडून द्या.

इमारतीची जमिनीखालची टाकी नवी असेल किंवा नुकतं प्लास्टर झालं असेल, तर सिमेंटमधून चुना सुटतो आणि काही महिने पीएच आठच्या वर दिसतो. टाकी धुतली त्या आठवड्यात ब्लीचिंग पावडरचा अंश राहतो. दोन्ही वेळी पाणीबदल पुढे ढकला.

पावसाळ्यात आणखी दोन बदल होतात. गढूळ पाणी निवळायला जिथे तुरटी वापरतात, तिथे तिची मात्रा वाढते, आणि दर १ मिलिग्रॅम तुरटी अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. लिटरला ३० मिलिग्रॅम तुरटी पडली तर केएच ०.८ ने गेला. दोनचं पाणी सव्वा डिग्रीवर आलेलं कळतही नाही. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत नळाचा केएच दर आठवड्याला बघा. याच कारणाने पिंपात तुरटी फिरवलेलं घरचं पाणी टँकला कधीच देऊ नका. दुसरा बदल क्लोरीनचा, तोही या दिवसांत अनेकदा वाढलेला असतो.

क्लोरीनसाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ७ ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून १ लिटर करा. याचा १ मिली, १ लिटर पाण्यातलं १ पीपीएम क्लोरीन मारतो. मी दुप्पट मात्रा सुचवेन, लिटरला २ मिली, तेवढ्याने माशांना काही होत नाही. द्रावण महिन्या-दीड महिन्याने नवं करा, जुनं झालं की त्याचा जोर जातो आणि तळाला पिवळसर गंधक दिसतं. नुसतं २४ तास उघडं ठेवून क्लोरीन उडतं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) उडत नाही.

आरओ: तुमच्या बाबतीत उलटा उपाय. आरओच्या पाण्यात केएच जवळजवळ शून्य. ज्या टँकला बफर कमी पडतोय त्याला तेच पाणी देणं म्हणजे उरलीसुरली शिल्लकही काढून घेणं. कठीण पाणी मऊ करायचं असेल तिथे आरओ लागतो, मोरब्याच्या पाण्याला नाही. काही जण आरओचं वाया जाणारं पाणी वापरायला सांगतात, त्यात क्षार थोडे एकवटलेले असतात आणि कार्बनमधून गेल्याने क्लोरीन नसतं. पण मशीनमध्ये पडद्यावर थर बसू नये म्हणून औषधी गोळ्यांचं काडतूस असेल तर त्यातलं फॉस्फेट याच पाण्यातून बाहेर पडतं, आणि टँकमध्ये शेवाळ माजतं. मी ते टाळेन.

---

तलावपाळी (ठाणे)

दुसरी शंका माझ्याकडे. कोरलचे तुकडे नकोत. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते विकणं-विकत घेणं गुन्हा आहे, आणि तेच काम करणाऱ्या साध्या वस्तू हाताशी आहेत. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात शिंपल्याची खडी मिळते. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो. न पॉलिश केलेले पांढरे संगमरवराचे तुकडेही चालतात. सगळ्यांत कॅल्शियम कार्बोनेटच. व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसलं तर बरोबर.

पण याची मर्यादा समजून घ्या. कार्बोनेट आम्लधर्मी पाण्यात भराभर विरघळतं आणि पीएच साडेसातकडे गेला की जवळजवळ थांबतं. म्हणून याने अतिरेक होत नाही, ही चांगली बाजू. वाईट बाजू अशी, की ते मंद आहे. कोसळलेला टँक सावरायला याचा उपयोग नाही, सावरलेला टँक खाली घसरू न देण्याला आहे. आज शिंपले घातले तर पहिल्या डिग्रीची उडी तुमच्या ताब्यात राहणार नाही, म्हणून दहा दिवसांनंतरच.

४५ लिटरमध्ये १ डिग्री वाढायला ०.८ ग्रॅम कार्बोनेट विरघळावं लागतं, आणि सोबत जीएचही तेवढाच चढतो. तुमचा महिन्याचा खर्च सव्वादोन डिग्री, म्हणजे दोन ग्रॅमपेक्षा कमी. ४० ग्रॅम शिंपले धुऊन जाळीच्या पिशवीत, फिल्टरमध्ये स्पंजच्या पुढे, जिथे पाण्याची धार लागते तिथे ठेवा. खडीत पुरले तर काम करत नाहीत. वजनाच्या हिशोबाने ते वर्षभर पुरतील, पण त्यावर बुळबुळीत थर चढतो आणि विरघळणं थांबतं. दर पाणीबदलाला पिशवी चोळून धुवा, सहा महिन्यांनी निम्मे बदला. आणि दोन आठवड्यांनी केएच बघितल्याशिवाय दुसरी मूठ घालू नका.

पुढची घडी अशी बसवा: दर आठवड्याला ३० टक्के, म्हणजे साडेतेरा लिटर. त्या पाण्याचा केएच बादलीतच २ वरून ४ करा, सोड्याचं द्रावण २७ मिली. तुमच्या सध्याच्या खाद्यावरही टँकचा केएच सव्वादोन ते पावणेतीनमध्ये राहील आणि नायट्रेट २० च्या वर जाणार नाही. खाद्य एक तृतीयांश कमी केलंत तर केएच तीनला टेकेल. शिंपले हे त्यावरचं संरक्षण. हायपोची मात्राही योगायोगाने २७ मिलीच होते, तेव्हा दोन्ही बाटल्यांवर ठळक अक्षरात नाव लिहा आणि झाकणाचे रंग वेगळे ठेवा. ती चूक झाली तर क्लोरीन तसंच टँकमध्ये जाईल.

तिसरी शंका: केएच ३, जीएच ५ ते ६, पीएच ७.२ ते ७.४. मत्स्यशेतीत वाढलेल्या निऑनना हे चालतं. गप्पींना जीएच आठच्या पुढे आवडतो, पण सहावर निभतं. पुढे कधी एक गट कमी करायचा झाला तर पाणी न बदलता गप्पी दुसऱ्या कुणाला द्या. मऊ पाण्याच्या गावात निऑन आणि कोरीच जास्त सुखी राहतात.

---

गाळणी (ऐरोली)

मोजण्याबद्दल एक राहिलं. ऑनलाइन मिळणारा पीएच पेन घ्यायचा विचार असेल तर ६.८६ आणि ४.०१ अशा ठरावीक पीएचच्या दोन्ही पुड्यांच्या द्रावणात तो जुळवून घ्या, एकीच्या नाही. मऊ पाण्यात पेनचा आकडा बराच वेळ सरकत राहतो, दोन-तीन मिनिटं हलकं ढवळून थांबल्यावरच वाचा. आणि टोक डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवू नका, तसं केलं की काचेचा फुगा निकामी होतो. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण मिळतं.

पीएच खाली दिसला की कारण केएच आहे की साचलेला कार्बन डायऑक्साइड, हे ओळखायला ग्लासभर टँकचं पाणी एअर स्टोन लावून २४ तास ठेवा. पीएच चढला तर कार्बन डायऑक्साइड, पृष्ठभाग जास्त हलता ठेवणं पुरे. जागचा हलला नाही तर केएच संपलाय.

---

पाणवेल (नेरुळ)

दहावा दिवस. सांगितलेल्या क्रमाने तीन वेळा १० टक्के, दोन वेळा २० टक्के, मग तीन दिवस २२ मिली सोड्याचं द्रावण. सकाळी दिवा लावायच्या आधीचे आकडे: पीएच ७.२, केएच २ (१० मिलीला चार थेंब), जीएच ४, अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ३० च्या आत. पाचव्या दिवशी नायट्राइट ०.२५ दिसलं होतं, खडेमीठ ४.५ ग्रॅम घातलं, आठव्या दिवशी शून्य. गप्पींचे पंख उघडलेत, कोरी तळाशी आहेत.

उद्या पहिला ३० टक्के बदल, बादलीत केएच ४ करून. शिंपल्याची पिशवी उद्याच ठेवू का? आणि त्या मिठाचं काय?

---

तलावपाळी (ठाणे)

उद्या फक्त पाणी. शिंपले परवा ठेवा, म्हणजे केएच कशाने किती वाढला ते वेगळं कळेल. मीठ पुन्हा घालू नका, दर आठवड्याच्या ३० टक्क्यांत ते आपोआप निघून जाईल. आणि पाचव्या आठवड्यापर्यंत केएच दर पाणीबदलाच्या आधी आणि नंतर, असा दोनदा लिहून ठेवा. आधीचा आकडा आठवड्यागणिक खाली सरकताना दिसला तर इथे टाका, मात्रा पुन्हा मांडू.